खरा पट

हेरंब जानेवारीतल्या एका शुक्रवारी मधल्या सुट्टीत शाळेत आला, तेव्हा संयोगिता व्हरांड्यात बसून पहिलीच्या मुलांच्या वह्या बघत होती. त्याची स्कूटर आवाजावरून ओळखून तिला बरं वाटलं. तपासणीचा साहेब आला की एरवी शाळेत धावपळ उडते. पण हेरंब साहेब झाला तरी तिच्यासाठी तो हेरंबच होता. बडोद्यात बाजव्याच्या रस्त्याला, कारखान्यांच्या कामगारवस्तीला लागून असलेल्या या सरकारी मराठी शाळेत दोघांनी चौदा वर्षं शेजारशेजारच्या वर्गांत शिकवलं होतं. पुढे तो परीक्षा देऊन वर गेला, या भागातल्या नऊ शाळांची देखरेख त्याच्याकडे आली, आणि संयोगिता इथेच मुख्य शिक्षिका झाली. तिचे यजमान आजारी पडले तेव्हा दवाखान्यात डबा घेऊन बसला तो हेरंब, आणि ते गेल्यावर अकोट्याच्या घरी दर भाऊबीजेला न चुकता येणारा तोही हेरंबच.

मुलांची ताटं धुऊन झाली, चहा आला. हेरंबनं इकडचं तिकडचं काही न बोलता सरळ विचारलं, "ताई, खरा पट किती आहे?"

पट म्हणजे रजिस्टरवर नाव असलेली मुलं. रजिस्टरवर नावं होती अठ्ठावन्न. वर्गात बसायची अडतीस. वरची वीस नावं खानदेशातून कामासाठी आलेल्यांच्या मुलांची होती. कंत्राट संपलं की ती कुटुंबं बिऱ्हाड उचलायची, कोणी अंकलेश्वरला, कोणी परत गावी, आणि मुलं त्यांच्याबरोबर जायची. नावं मात्र शाळेतच राहायची. नाव कमी केलं की पट घसरतो, पट घसरला की एक शिक्षक जातो, आणि मग एक दिवस शाळाच जाते, हे सगळ्यांना माहीत होतं. नावं तशीच राहू द्यायची ही पद्धतही हेरंब या शाळेत असताना त्यानंच पाडली होती. परत येतील ताई, नाव कशाला काढायचं, असं तो म्हणायचा. काही मुलं परत येतही. पण दर महिन्याला तो तक्ता भरताना संयोगिताचा हात अडखळायचाच. मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगायचं आणि आपण वीस मुलांची हजेरी कागदावर मांडायची, हे तिला कधी पचलं नव्हतं.

तिनं खरा आकडा सांगितला. हेरंबला तो बहुतेक आधीच माहीत असावा, कारण त्यानं भुवईसुद्धा हलवली नाही. यंदा दिवस वेगळे आहेत, असं तो सांगू लागला. आता एकेका मुलाचा फोटो काढून मोबाइलवर हजेरी भरायची पद्धत येणार. ज्यांचे आकडे खोटे निघतील त्यांच्यावर कारवाई होणार. मात्र जी शाळा आपण होऊन खरं सांगेल, तिचा वेगळा विचार होईल. मराठी शाळा शहरात उरल्या आहेत किती, त्या टिकाव्यात असं वरच्यांनाही वाटतं. मुलांना आणायला व्हॅन मिळेल, एक जादा शिक्षक मिळेल.

संयोगितानं विचारलं, अडतीस आकडा एकदा कागदावर गेला की शाळा बंदच करतील, त्याचं काय?

"मी आहे ना, ताई," हेरंब म्हणाला.

तिला तेवढं पुरलं. तिनं त्याच्यासमोरच शाळेच्या कागदावर पत्र लिहिलं. शाळेचा खरा पट अडतीस आहे, पालक कामासाठी फिरते असल्यानं बाकीची मुलं सध्या इथे नाहीत, शाळेला वाहन आणि शिक्षक मिळावा, असं सगळं तिच्या टपोऱ्या अक्षरात. शेवटचं वाक्य हेरंबनं सांगितलं: "तरी मुलांच्या हिताचा विचार करून योग्य तो निर्णय व्हावा." हे कशाला, असं ती म्हणाली. ऑफिसची भाषा असते ताई, त्याशिवाय कागद पुढे सरकत नाही, असं तो म्हणाला. तिनं सही केली, शिक्का मारला. स्कूटर निघून गेल्यावर कितीतरी वर्षांनी तिला छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं.

मार्चमध्ये शालिनी आली. शालिनी चोपड्याकडची. नऊ वर्षांपूर्वी नवरा बापूबरोबर बडोद्याला आली होती. बापू एका कारखान्यात कंत्राटावर हेल्पर, ती प्लास्टिकच्या डब्यांच्या पॅकिंगला. त्यांची प्राची चौथीत होती, आणि वस्तीतल्या बायका औषधाच्या बाटलीवरचं, लाइटबिलावरचं, नोटिशीवरचं काहीही वाचून घ्यायला तिच्याकडे यायच्या. धाकटा कुणाल जूनमध्ये पहिलीत जायचा होता. शालिनीनं प्लास्टिकच्या पिशवीत कागद आणले होते: उत्पन्नाचा दाखला, भाडेकरार, कुणालचा जन्मदाखला, चार फोटो. खाजगी इंग्रजी शाळांमध्ये गरिबांच्या मुलांसाठी पहिलीत काही जागा मोफत ठेवलेल्या असतात, त्याचा फॉर्म ऑनलाइन भरायचा होता. शेवटची तारीख चार दिवसांवर आली होती. बेननं भरून द्यावा, एवढंच तिचं मागणं होतं. शाळा मराठी, पण बडोद्यातल्या रिवाजानं मुलं आणि पालक संयोगिताला बेनच म्हणत.

संयोगितानं फॉर्म भरला नाही. तिनं शालिनीला खुर्ची दिली आणि समजावलं. त्या शाळेत सगळं इंग्रजी, घरी अभ्यास कोण घेणार. बरोबरीच्या मुलांचे डबे वेगळे, वाढदिवस वेगळे, पोरगं बुजून जाईल. ही शाळा बंद होणार नाही, इथे व्हॅन येणार आहे, नवीन शिक्षक येणार आहे, आणि मी आहे. प्राची कशी तयार झाली ते बघता ना, कुणाललाही तसंच तयार करीन. यातला शब्द न् शब्द तिला खरा वाटत होता. आणि हेही खरं, की बोलताना तिच्या डोक्यात एकोणचाळिसावं नाव होतं.

शालिनीनं कागद पुन्हा पिशवीत भरले. मग म्हणाली, "बेन, तुम्ही म्हणता तर राहू द्या." वस्तीत बातमी गेली. आणखी तीन आयांनी आपापले कागद परत पेटीत ठेवले.

आदेश मे महिन्यात आला, सुट्टीत. संयोगिता अकोट्याच्या घरी लोणच्याच्या कैऱ्या पुसत बसली होती. शिक्षकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक यादी येऊन पडली. विलीन होणाऱ्या शाळांच्या त्या यादीत तिची शाळा होती. नव्या सत्रापासून मुलांनी रेल्वे फाटकापलीकडच्या मराठी शाळेत जायचं. ती शाळा साडेतीन किलोमीटरवर. शेरा असा होता: मुख्य शिक्षिकेच्या लेखी अभिप्रायानुसार, मुलांच्या हितासाठी. तिनं तो शेरा तीनदा वाचला. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं तसं तिला ते ओळखीचं आणि परकं वाटत होतं.

तिनं हेरंबला फोन लावला. त्यानं उचलला नाही. मग मेसेज आला, मीटिंगमध्ये आहे. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मेसेजही आला नाही. तोवर तिला वाटत होतं की वरच्यांनी त्याचं ऐकलं नसेल, बिचाऱ्याला तोंड दाखवायला जड जात असेल. चौथ्या दिवशी ती शिक्षण खात्याच्या ऑफिसात गेली.

तिथे गोविंदराव होते. फायलींचं टेबल सांभाळणारे जुने कारकून. त्यांचं घराणं आणि संयोगिताचं माहेर एकाच पागेतलं. दोघांचे पूर्वज संस्थानच्या घोडदळात होते, आणि त्या ओळखीवर गोविंदराव तिला अजूनही घरच्यासारखं वागवत. त्यांनी फाइल आणून तिच्यासमोर उघडली आणि स्वतः दाराकडे तोंड करून उभे राहिले.

फायलीत दोन शाळांचे कागद एकाला एक लावलेले होते. एक तिच्या शाळेचा, पट अडतीस, सोबत तिचं पत्र. दुसरा फाटकापलीकडच्या शाळेचा, पट बावन्न, आणि त्याखाली हेरंबची सही: प्रत्यक्ष भेटीत खात्री केली. संयोगिता डिसेंबरात एका प्रशिक्षणासाठी त्या शाळेत दोन दिवस बसली होती. तिथे जेवायला बसलेली मुलं तिनं स्वतः पाहिली होती. ती पंचवीसच्या वर नव्हती. हेरंबची बायको मिताली त्याच शाळेत शिकवते, हे तिला माहीत होतं. आजवर त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

सगळ्यांत खाली एक पत्र होतं, वरून हेरंबला आलेलं. या भागातल्या दोन मराठी शाळांपैकी एकीचं विलीनीकरण सुचवा, असं त्यात म्हटलं होतं. तारीख बारा डिसेंबर. तो चहा प्यायला आला होता जानेवारीत.

"बाकी कोणत्या शाळेनं असं पत्र दिलंय?" तिनं विचारलं.

"कुणीच नाही, बेन," गोविंदराव पाठमोरेच म्हणाले. "मागितलंही फक्त तुमच्याकडेच."

रविवारी सकाळी ती हेरंबच्या घरी गेली. मितालीनं पाणी आणलं, कशी आहेस ताई म्हणाली आणि आत गेली. ती परत बाहेर आली नाही. हेरंबनं टीव्हीचा आवाज बंद केला, चित्र तसंच चालू राहिलं.

"डिसेंबरात तुला माहीत होतं," संयोगिता म्हणाली.

त्यानं नाही म्हटलं नाही. "दोन्हीतली एक जाणारच होती, ताई."

"मग मला तसं सांगायचं."

"सांगितलं असतं तर तू पत्र दिलं असतंस?"

व्हॅनचं काय झालं, असं तिनं विचारलं. प्रयत्न केला, जमलं नाही, असं तो खिडकीकडे बघत म्हणाला. वीस वर्षांच्या ओळखीत तिला एवढं कळत होतं की त्यानं प्रयत्न केलेला नाही. शब्दच मुळी पत्र लिहून घेण्यापुरता काढला होता.

"माझीच का?" तिनं विचारलं.

हेरंबनं आता तिच्याकडे पाहिलं. "मिताली तिथे आहे. ती शाळा गेली असती तर तिला शहराच्या कुठल्या टोकाला टाकलं असतं कोण जाणे. लहान मुलगी आहे घरात. तुझी नोकरी आता चारच वर्षं राहिली. आणि खरं सांगू, दुसऱ्या कुणी भांडण केलं असतं. तू समजून घेशील असं मला वाटलं."

संयोगिता उठली. तिनं चप्पल घातली. वैर असतं तर तिला सोपं गेलं असतं. हेरंबनं तिचा चांगुलपणा हेरून तिला निवडलं होतं. चौदा वर्षं शेजारच्या वर्गात बसून त्यानं तिच्याविषयी जे ओळखलं, ते असं वापरलं.

बसमध्ये तिच्या मनात आलं, त्या बावन्न आकड्याची तक्रार करावी. एका अर्जाचं काम होतं. पण अर्ज केला तर तपासणी होईल, आणि ती शाळाही बंद पडेल. मग तिथली पंचवीस मुलं आणि तिची अडतीस, सगळीच कुठे जाणार. हेरंबनं हाही हिशेब केला असणार. उतरायचा स्टॉप येईपर्यंत तिचा अर्ज मनातच राहिला, तो पुढेही कधी कागदावर आला नाही.

जूनमध्ये जादा ठरलेल्या शिक्षकांना नव्या जागा निवडायला बोलावलं. संयोगिताची नोकरी सगळ्यांत जुनी, पहिली निवड तिची होती. अकोट्यात, घरापासून चालत दहा मिनिटांवर जागा मोकळी होती. तिनं फाटकापलीकडची शाळा मागितली. बरोबरीच्या शिक्षिकांना वाटलं, बेनचं डोकं फिरलं.

शाळा उघडली त्या दिवशी ती सकाळी वस्तीत गेली आणि जी मुलं तयार होती त्यांना घेऊन चालत निघाली. टँकर धावतात तो रस्ता, मग फाटक, मग पुन्हा रस्ता. मुलं अकरा होती. बाकीच्या आया दारातूनच बघत राहिल्या. त्यांची कारखान्यातली पाळी सातला सुरू होते, मुलांना पोचवणार कोण आणि आणणार कोण. एकीनं विचारलं, बेन, ती व्हॅन कधी येणार. संयोगिता म्हणाली, येणार नाही. त्या बाईनं दार लावून घेतलं.

शालिनीच्या खोलीला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, बापूचं कंत्राट संपलं, ते करजणला गेले.

दुसऱ्या दिवशी हेरंब शाळेत आला. मुलांना गुलाबाची फुलं वाटून झाली, फोटो काढून झाले. मग तो तिच्या वर्गाच्या दाराशी उभा राहिला आणि हळूच म्हणाला, अडतीसही नावं रजिस्टरवर चढव, येतील हळूहळू.

"आलीत अकरा," ती म्हणाली.

"ताई, पट दाखवावा लागेल. नाहीतर उद्या हीही शाळा जाईल."

"अकराची नावं मी लिहीन. बाकीची सत्तावीस कुठे आहेत तेही लिहीन."

"ते कोणी मागितलंय?"

"कोणीच मागितलं नाही, म्हणून तर."

मुलांसमोर त्याला आवाज चढवता येत नव्हता. मग तो गेला, आणि त्या महिन्यात पुन्हा आला नाही.

जून संपून जुलै लागला तरी शाळा सुटल्यावर संयोगिता वस्तीत हिंडत होती. तिनं एका वहीत रकाने आखले होते: मुलाचं नाव, इयत्ता, सध्या कुठे, शाळेत आहे की नाही, कारण. पाच मुलं जवळच्या गुजराती शाळेत गेली होती, आणि त्यातली दोन मागच्या बाकावर काही न कळता बसून राहत होती. सहा जण गावी, आजीकडे. चौघींना घरी धाकटी भावंडं सांभाळायला ठेवलं होतं. नऊ जणांना इतक्या लांब पोचवायला कोणी नव्हतं, ती घरीच बसून होती. पाचवीतला एक मुलगा गॅरेजमध्ये चाकांना हवा भरत होता. दुसरा एक सापडलाच नाही, त्याच्या आईबापांचा पत्ता कुणालाच सांगता येईना. प्रत्येक दारात तिला तेच ऐकावं लागलं, की बेन, तुम्ही तर म्हणाला होता. ती ऐकून घ्यायची आणि वहीत लिहायची.

प्राची आणि कुणालच्या नावासमोरचा रकाना भरायला ती एका शनिवारी करजणला गेली. बाजारपेठेच्या मागे, धान्याच्या गोदामांच्या ओळीत मजुरांच्या खोल्या होत्या. बापू मार्केट यार्डात हमाली करत होता आणि शालिनी धान्य साफ करायला जात होती. प्राची हंडा घेऊन नळाच्या रांगेत उभी होती. संयोगिताला बघून ती आधी हसली, मग आई काय म्हणेल या विचारानं की काय, हसणं आवरून खाली बघू लागली.

शालिनी आली ती डोक्याला फडकं बांधूनच, कोंड्यानं अंग भरलेलं. तिनं आत या म्हटलं नाही. पण पाणी दिलं. संयोगितानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पत्र, फाइल, डिसेंबरची तारीख, हेरंब, त्याची बायको. काही लपवलं नाही. एकोणचाळिसाव्या नावाचंही सांगितलं. शालिनीनं शेवटपर्यंत ऐकलं.

"तुम्हाला त्या साहेबांनी फसवलं, बेन," ती म्हणाली. "ते तुमचं तुम्ही बघा. आम्हाला तर तुम्हीच बोलले होते ना."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर संयोगिताला काही बोलता आलं असतं.

"तो फॉर्म पहिलीलाच भरता येतो," शालिनी पुढे म्हणाली. "कुणालचं आता गेलं ते."

संयोगितानं पिशवीतून प्राचीचा शाळा सोडल्याचा दाखला काढला. तिथल्या गुजराती शाळेच्या मुख्य शिक्षकांना ती येता येता भेटून आली होती. ते सोमवारी दोघांनाही घ्यायला तयार होते. प्राचीला गुजराती अक्षरं थोडी येत होती, दुकानांच्या पाट्या वाचून ती शिकली होती. शालिनीनं फडक्याला हात पुसून दाखला घेतला. मग म्हणाली, बघू, पण मी कामाला गेल्यावर पाणी कोण भरेल आणि कुणालकडे कोण बघेल. प्राची भरलेला हंडा कमरेवर घेऊन दोघींच्या मधून आत गेली.

परतीच्या बसमध्ये संयोगितानं वही उघडली. सध्या कुठे, करजण. शाळेत आहे की नाही, नाही. कारणाच्या रकान्यात इतरांपुढे तिनं लिहिलं होतं, अंतर, स्थलांतर, घरकाम. कुणालपुढे तिचं पेन थांबलं. मग तिनं लिहिलं: "शाळा बंद होणार नाही असं मुख्य शिक्षिकेनं सांगितलं होतं. तिच्यावर विश्वास ठेवून पालकांनी दुसरीकडचा फॉर्म भरला नाही." बाकीच्या तीन आयांच्या मुलांसमोरही तिनं तेच लिहिलं. खाली, ज्याच्या सांगण्यावरून मुख्य शिक्षिकेनं तसं सांगितलं, त्याचं नाव, हुद्दा आणि त्यानं शब्द दिला ती तारीख लिहिली.

सोमवारी तिनं ती यादी स्वच्छ अक्षरात उतरवून ऑफिसात नेली. गोविंदरावांनी पोच द्यायला कागद घेतला, चष्मा लावला आणि सगळी नावं वाचली. शेवटच्या ओळीशी ते थांबले.

"यानं काही होणार नाही, बेन," ते म्हणाले. "त्याचं काही बिघडणार नाही. तुम्हाला मात्र खुलासा मागतील. हे असंच राहू दे?"

"असंच."

गोविंदरावांनी शिक्का शाईच्या पॅडवर दाबला आणि कागदावर मारला. तिच्या प्रतीवर तारीख घातली. महिन्याभरानं तिच्याकडे खुलासा मागणारं पत्र खरंच आलं, आणि तिनं त्याला उत्तर म्हणून त्याच यादीची दुसरी प्रत जोडून पाठवली.